आई हयात आहे म्हणून तिचे पैसे अडकलेत: कायदा मंत्र्यांना आणि खासदारांना खुलं पत्र

मा. केंद्रीय विधी व न्याय मंत्री, आणि संसदेतले आमचे सगळे खासदार,

सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यात राहते. माझी आई ७८ वर्षांची आहे, झेडपीच्या शाळेत ३१ वर्षं शिक्षिका होती आणि गेली पाच वर्षं तिला अल्झायमर आहे. हे पत्र मी पोस्टाने पण पाठवलंय, पण ते कुठल्या फाइलला लागेल माहीत नाही म्हणून इथे सगळ्यांसमोर टाकतेय. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी पण वाचावं, कारण मला सुरुवातीला वाटायचं की आमचंच काहीतरी चुकलं, आम्हीच कागदपत्रं नीट केली नाहीत, आणि मग हळूहळू कळत गेलं की करायला कागदच नाहीये.

झालं असं. आईची पेन्शन तिच्या खात्यात येते आणि बाबा गेल्यावर मिळालेल्या पैशांची एक एफडी तिच्या एकटीच्या नावावर आहे. चोवीस तास मदतीला एक मावशी आहेत, त्यांचा पगार, डायपर, औषधं, फिजिओ असं सगळं मिळून महिन्याला पस्तीस हजारांच्या वर जातं. दोन वर्षं मी आणि दादाने आमच्या पगारातून भागवलं, मग दादाची नोकरी गेली, तेव्हा आम्ही ठरवलं की आईचे पैसे आईसाठीच वापरायचे, त्यात काय चूक. बँकेत गेलो. आईने स्लिपवर सही केली, अगदी टपोऱ्या वळणदार अक्षरात केली, पण माहेरच्या नावाने. तिच्या डोक्यात ती आता लग्नाआधीची आहे. सही जुळेना.

साहेबांनी चांगुलपणाने सांगितलं की अंगठा चालेल. आजारी खातेदारांसाठी आरबीआयचा नियमच आहे तसा, हाताचा किंवा पायाचा अंगठा घ्यायचा, दोन साक्षीदार आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. मग त्यांनी विचारलं, काकूंना कळतंय ना कशावर अंगठा देतायत? आणि मी खरं सांगितलं. म्हटलं नाही कळत, त्यांना अल्झायमर आहे, हे डॉक्टरांचं सर्टिफिकेट.

तिथे सगळं थांबलं. त्यांनी फाइलला नोट लावली, कोर्टाची ऑर्डर आणा म्हणाले. मी विचारलं की एफडीला नॉमिनी मीच आहे ना, तर ते जरा अवघडून म्हणाले, मॅडम नॉमिनी त्या गेल्यानंतर. म्हणजे आई उद्या गेली तर तिचे पैसे आठवड्या-दोन आठवड्यांत आमच्या हातात येतील, आणि ती हयात आहे, तिला औषध लागतंय, तोपर्यंत येणार नाहीत. नोव्हेंबरात हयातीचा दाखला मात्र बिनबोभाट झाला, कारण त्याला ती श्वास घेतेय एवढंच बघायचं असतं. पेन्शन दर महिन्याला जमा होते. पडून राहते.

बाहेर आल्यावर आमच्याच आळीतल्या एका काकूंनी मला जे ऐकवलं ते मी विसरू शकत नाही. कशाला बोललीस, म्हणाल्या, आम्ही आमच्या सासूबाईंचा चार वर्षं अंगठा घेतला की, कोण विचारतंय. नंतर अजून पाच-सहा जणांनी हेच सांगितलं, त्यात शिकलेली माणसं होती, एक तर वकील. मंत्री महोदय, मला जे म्हणायचंय ते सगळं इथेच आहे. जो गप्प राहून आईचा अंगठा उमटवून घेतो त्याचं काम होतं आणि जो समोर बसून सांगतो की बाबा हिला समजत नाही, मला रीतसर परवानगी द्या, मी हिशेब देते, त्याला तुमचा कायदा दारातून परत पाठवतो. अंगठा घेणाऱ्यांत बहुतेक माझ्यासारखेच अडलेले लोक असतील, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण त्यांच्यात एखादा असा पण असतो की ज्याने ओळखीतल्या एका आजोबांकडून, ज्यांना स्वतःचा नातू ओळखता येत नव्हता, त्यांच्याकडून बक्षीसपत्रावर अंगठा घेतला आणि जमीन गेली. दोघांना एकच वाट आहे, आणि ती वाट तुम्ही उघडी ठेवलीय.

आता कायद्यात काय आहे आणि काय नाही ते मी गेल्या दीड वर्षात जेवढं शिकले तेवढं सांगते, चुकलं असेल तर तुमच्या खात्याने दुरुस्त करावं.

एक. पालक नेमायचा म्हटलं की सगळे १८९० चा गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायदा काढतात. तो अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी आहे. माझी आई अज्ञान नाही.

दोन. नॅशनल ट्रस्टचा १९९९ चा कायदा खरंच चांगला आहे, जिल्ह्याला लोकल लेव्हल कमिटी असते, त्यात कलेक्टर, एका संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते, आणि अठरा वर्षांवरच्या माणसासाठी तिथे पालक नेमून मिळतो, हायकोर्टात जावं लागत नाही. पण तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता एवढ्यांसाठीच. मी अर्ज घेऊन गेले होते. तिथल्या बाईंनी नीट समजावून सांगितलं आणि परत पाठवलं. डिमेन्शिया, म्हणजे अल्झायमरसारखा स्मृतिभ्रंश, बसत नाही, कोमा बसत नाही, पक्षाघातानंतर वाचा आणि समज गेलेला माणूस बसत नाही.

तीन, आणि हे मला सगळ्यात जास्त लागलं. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात यासाठी दार होतं. जिल्हा कोर्टात अर्ज करता यायचा, कोर्ट चौकशी करून माणसासाठी पालक आणि मालमत्तेसाठी मॅनेजर नेमायचं, मॅनेजरला मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागायचा. त्या कायद्याची भाषा जुनी होती, त्यात माणसाचे हक्क एका फटक्यात जायचे, तो बदलायला हवाच होता. मग २०१७ चा कायदा आला, २९ मे २०१८ पासून लागू झाला, त्यात पेशंटचे हक्क आले, उपचार कसे व्हावेत ते आधीच लिहून ठेवायची सोय आली, नामनिर्देशित प्रतिनिधी आला. सगळं स्वागतार्ह. फक्त तो प्रतिनिधी मानसिक आजाराच्या उपचारांपुरता. बँक, घर, पेन्शन, लाइट बिल यांचं काय ते प्रकरणच गेलं आणि त्या जागी काही आलं नाही. जुनं घर पाडलं आणि नवं बांधताना त्यातली एक खोलीच विसरली, असं झालंय, आणि त्या खोलीत आमच्यासारखी माणसं राहत होती.

चार. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम १४ आहे, मर्यादित पालकत्व. कल्पना फार सुंदर आहे, पालकाने त्या माणसाशी बोलून, दोघांनी मिळून निर्णय घ्यायचा. पण त्या कायद्याच्या २१ प्रकारांच्या यादीत डिमेन्शिया हा शब्दच नाही, आणि जो माणूस कोमात आहे तो मिळून निर्णय कसा घेणार.

पाच. आम्ही शहाणपणा करून बाबा गेले तेव्हाच, आई चांगली हिंडती-फिरती होती तेव्हा, तिच्याकडून कुलमुखत्यारपत्र, म्हणजे तिच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद, करून घेतलं होतं. ते घेऊन मी ताठ मानेने वकिलांकडे गेले. त्यांनी कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टचं कलम २०१ दाखवलं, मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मन स्थिर राहिलं नाही की मुखत्यारी संपते. म्हणजे आई स्वतः बँकेत जाऊ शकत होती तोवर तो कागद चालत होता आणि ज्या दिवसासाठी केला होता त्या दिवशी तो रद्द झाला. हा कायदा १८७२ चा आहे. इंग्रजांनी केलेला. इंग्लंडने स्वतःकडे २००५ च्या मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्टमध्ये अशी सोय केली की माणूस शुद्धीत असताना ज्याला नेमेल त्याचा अधिकार नंतरही टिकतो, फक्त तो कागद रजिस्टर करावा लागतो. आपण अजून १८७२ मध्येच आहोत.

आणि एक गोष्ट बघा. सुप्रीम कोर्टाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालामुळे मी आज लिहून ठेवू शकते की मला व्हेंटिलेटरवर ठेवू नका, २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी पण केली, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही, झालं. म्हणजे मी कसं मरावं ते आधी लिहिता येतं. माझ्या मावशींचा पगार कोणी द्यावा ते नाही येत.

सहा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३२ नुसार, उद्या कोणी आईवर दावा लावला तर तिला समजत नाही हे तपासून तिच्या बाजूने लढायला कोर्ट माणूस नेमतं. तालुक्याच्या कोर्टात सुद्धा नेमतं. तिला वाचवायला प्रतिनिधी मिळतो, पण त्यासाठी आधी कोणीतरी तिच्यावर केस करायला पाहिजे.

मग उरतं काय, तर हायकोर्ट. संविधानाच्या कलम २२६ खाली रिट, म्हणजे थेट हायकोर्टात याचिका, करायची आणि म्हणायचं की या माणसाचं कोणी नाही असं समजून कोर्टाने पालक व्हावं. कोर्टांनी खरंच माणुसकी दाखवलीय, ते मी मानते. केरळ हायकोर्टाने २०१९ मध्ये कोमातल्या पेशंटसाठी नियमावलीच घालून दिली, मेडिकल बोर्ड, तहसीलदाराच्या खाली नाही अशा अधिकाऱ्याची घरभेट, दर सहा महिन्यांनी अहवाल. मुंबई हायकोर्टाने २०२० मध्ये एका पत्नीला नवऱ्याची पालक नेमताना सांगितलं की अशा माणसासाठी पालक नेमायचा कुठला कायदाच नाही. अलाहाबाद, मद्रास, सगळीकडे बायका-मुलं अशीच गेलीत. प्रत्येक वेळी न्यायमूर्ती लिहितात की कायदा नाही. इतकी वर्षं लिहितायत. हे वाक्य तुमच्या खात्यात कोणी वाचत नसेल असं मला वाटत नाही, म्हणून तर जास्त वाईट वाटतं.

आम्हाला लोक म्हणतात, आता १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच झालंय, साताऱ्याला जवळ पडतं. हो पडतं, त्याबद्दल आभारच आहेत. पण माझी तक्रार अंतराची कधीच नव्हती. एका आईच्या औषधाच्या पैशासाठी संविधानाचं कलम लावावं लागतं ही तक्रार आहे. ज्याच्याकडे वकिलाची फी नाही, ज्याची रोजंदारी बुडते, त्याने काय करायचं? तो अंगठाच घेणार.

आमच्या रिटसाठी आईची मेडिकल बोर्डासमोर तपासणी झाली. सकाळी आठला तिला रिक्षातून नेलं, एक वाजेपर्यंत बाकड्यावर बसवलं, गर्दीला ती घाबरली, दोनदा रडली. आत गेल्यावर तरुण डॉक्टरांनी विचारलं आजी आज वार कोणता, तर तिने त्यांच्या गालाला हात लावून विचारलं, बाळा तू कितवीत आहेस? डॉक्टर चांगले होते, त्यांनी सांगितलं, दहावीत. ती म्हणाली मग अभ्यास कर. त्यांनी रिपोर्टमध्ये काय लिहायचं ते लिहिलं आणि बरोबरच लिहिलं. पण त्या अख्ख्या दिवसात, आणि त्याआधीच्या दीड वर्षात, बँक असो वकील असो बोर्ड असो, एकाही माणसाने आईला विचारलं नाही की तुम्हाला काय पाहिजे.

आणि तिला सांगता येतं. सगळं नाही, पण काही गोष्टी तिला पक्क्या कळतात. पेपरच्या मथळ्यातला ऱ्हस्व-दीर्घ चुकला की ती अजून त्यावर बोट ठेवते. एफडी म्हणजे काय ते तिला माहीत नाही, पण तिला कोणत्या मावशींच्या हातचं खायचंय, कोणाचा स्पर्श नको, आणि हे घर सोडायचं नाही, हे ती दर वेळी तेच सांगते. म्हणून मला उलट बाजूची पण भीती वाटते. उद्या तुम्ही घाईघाईत एक कायदा केला आणि त्यात लिहिलं की पालक नेमला की या माणसाचे सगळे अधिकार संपले, पालक म्हणेल ते खरं, तर ती आत्ताच्यापेक्षा वाईट अवस्था होईल. दिव्यांग हक्कांसाठी लढणारे लोक सरसकट पालकत्वाला विरोध करतात ते मला आधी समजायचं नाही, आता समजतं. भारताने १ ऑक्टोबर २००७ ला संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्कांच्या करारावर शिक्कामोर्तब केलंय, त्यातलं कलम १२ हेच सांगतं की समज कमी आहे म्हणून माणूस कायद्याच्या नजरेतून पुसला जात नाही, त्याला आधार द्यायचा असतो. आपल्या १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टला सुद्धा हे ठाऊक होतं, त्यात लिहिलंय की एरवी मन ताळ्यावर नसलेला माणूस ज्या वेळी ताळ्यावर असेल त्या वेळी करार करू शकतो. आयर्लंडमध्ये १८७१ च्या कायद्यावर सगळं चालत होतं, एकदा कोर्टाच्या ताब्यात गेलं की माणसाचं सगळंच गेलं, त्यांनी ते बंद करून कोणाला थोडा आधार लागेल कोणाला पूर्ण, अशा पायऱ्या केल्या, एप्रिल २०२३ पासून. करता येतं.

आता आमचं मागणं.

संसदेत एक कायदा आणा, जो आजाराच्या नावावर चालणार नाही. कोमा, डिमेन्शिया, मेंदूला मार, पक्षाघात, काही असो, प्रश्न एकच विचारा की या माणसाला हा निर्णय समजतो का. आणि हा निर्णय, सगळे निर्णय नव्हे.

अर्ज जिल्ह्यात करता यावा, जिल्हा कोर्टात नाहीतर त्याच लोकल लेव्हल कमिटीची कक्षा वाढवून. मुदत लिहा, दोन महिने म्हणा, पण लिहा. तोवर औषधपाणी आणि मदतनीसाच्या पगारापुरती तात्पुरती परवानगी आठवड्यात मिळावी, हवं तर पैसे थेट मेडिकलच्या दुकानात आणि मावशींच्या खात्यात जाऊ द्या, आमच्या हातात नका देऊ. यासाठी तर नव्या कायद्याचीही वाट बघायला नको, अर्थ खात्याशी आणि आरबीआयशी बोलून बँकांना एक स्पष्ट सूचना काढता येईल.

जो माणूस हलू शकत नाही किंवा घाबरतो त्याची तपासणी घरी व्हावी. त्या वेळी त्याला विचारलं जावं, आणि तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत कागदावर यावं, असंबद्ध वाटलं तरी.

पालकाकडून दरवर्षी हिशेब घ्या. माझ्याकडून पण घ्या, मी वहीत रोजचा लिहितेच. घर किंवा जमीन विकायची असेल तर वेगळी परवानगी ठेवा. विधी सेवा प्राधिकरणाचं माणूस वर्षातून दोनदा न सांगता घरी येऊन बघून जाऊ दे, शेजाऱ्याला तक्रार करता येऊ दे. नेमणूक कायमची नको, दोन-तीन वर्षांनी परत तपासा.

कलम २०१ बदला. शुद्धीत असताना रजिस्टर करून दिलेलं मुखत्यारपत्र, तसं त्यात स्पष्ट लिहिलेलं असेल तर, नंतरही टिकू द्या.

आणि ज्यांचं कोणीच नाही त्यांच्यासाठी सरकारने नेमलेला, पगारी, जबाबदार प्रतिनिधी असावा. आमच्या आईला निदान आम्ही भांडणारे दोघं आहोत. २०२३ मध्ये आलेल्या देशभरच्या अभ्यासात साठीच्या पुढच्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे साधारण ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज होता. यातली किती एकटी राहत असतील. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने मुलांना आईबापांना सांभाळायला सांगितलं, ते योग्यच, पण ज्याला मूल नाही आणि वारस होणारा नातेवाईकही नाही त्याचं काय आणि ज्या मुलाला सांभाळायचंय पण आईचेच पैसे आईसाठी काढता येत नाहीत त्याचं काय, याचं उत्तर त्यात नाही.

आमची रिट अजून चालू आहे. मी हे त्या केसवर परिणाम व्हावा म्हणून लिहीत नाहीये, कोर्टावर माझा विश्वास आहे आणि ऑर्डर मिळेल असं वकील सांगतात. मिळाली तर माझं काम होईल. आमच्या आळीत अजून दोन घरी असे पेशंट आहेत, त्यांना परत पहिल्यापासून हेच करावं लागेल.

तुम्ही यावर समिती नेमणार असाल तर त्यात न्यायाधीश, डॉक्टर असतीलच, पण घरी सांभाळणारी चार माणसं पण घ्या, आणि ज्यांना विस्मरणाची नुकती सुरुवात झालीय, ज्यांना अजून बोलता येतंय, त्यांना पण बोलवा. मला बोलावलंत तर मी येईन, स्वतःच्या खर्चाने येईन. फक्त तारीख आठवडाभर आधी कळवा, आईपाशी कोणालातरी बसवून यावं लागतं.

आपली,
एका शिक्षिकेची मुलगी,
सातारा जिल्हा